साक्षीदार गेले, तर मृत्युपत्र जाते काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी अंजूर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसबाई मला बोलावणे करायला आल्या तेव्हा त्यांनी ‘स्त्रिया आणि वारसाहक्क’ असा विषय दिला होता. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलणे नेहमी सोपे असते. १९५६चा हिंदू वारसा कायदा, २००५ची दुरुस्ती, मुलीला मुलाइतकाच वाटा, एवढे सांगितले की ऐकणाऱ्या खूष होतात आणि बोलणारीही सुटते. मी तशी टिपणे काढलीही होती. पण मागल्या हळदीकुंकवाला आपल्यातल्याच एका भगिनीने मला मागच्या पडवीत नेले, पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाली, “ताई, ह्याचा काही उपयोग हाय का, तेवढं बघा.” त्या दिवसापासून माझी टिपणे बाजूला पडली. आज मी त्या एका कागदाविषयीच बोलणार आहे. तिने तशी परवानगी दिली आहे. नाव आणि घर मात्र मी सांगणार नाही, आणि तुम्ही ओळखलेत तरी ओळखले नाही असे दाखवा.

कागद साधा, वहीचा. सन १९८८. तिच्या आईने केलेले मृत्युपत्र. आईच्या स्वतःच्या नावावर असलेले दोन खोल्यांचे घर आणि मागचे परस मुलीला द्यावे, कारण मुलगी नवऱ्याघरून परत आली आहे आणि म्हातारपणी तीच मला सांभाळते, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. मजकूर शाळेतल्या गुरुजींच्या हातचा. खाली आईचा डाव्या हाताचा अंगठा. त्याखाली दोन साक्षी: एक गावच्या पोस्टमनची, दुसरी शेजारी राहणाऱ्या, भिवंडीला यंत्रमागावर कामाला जाणाऱ्या एका गृहस्थांची. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तोवर हा कागद पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत होता. गुरुजी गेले, पोस्टमन गेले, यंत्रमागवाले कारखाना बंद पडल्यावर गाव सोडून गेले ते कोठे गेले कोणाला ठाऊक नाही. दिवसकार्य झाल्यावर तिने कागद भावांना दाखवला. थोरला भाऊ म्हणाला, “साक्षीदार मेले, कागद मेला.” भाऊ काही वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच तसे वाटते. गावात दहांपैकी नऊ जणांना तसेच वाटते, आणि खरे सांगायचे तर वकिलांतही तसे वाटणारे भेटतात.

तर प्रश्न हा की कागद मेला का?

उत्तर देण्यापूर्वी साक्षीदार हवेत तरी कशाला, ते पाहू. खरेदीखत आज होते आणि आजच लागू होते. भांडण झालेच तर देणारा आणि घेणारा दोघे हयात असतात, कोर्ट दोघांना विचारू शकते. मृत्युपत्राची गोष्ट उलटी आहे. ते लिहिले जाते आज, आणि बोलू लागते ते लिहिणारा माणूस गेल्यावर. मग मध्ये वीस वर्षे जावोत की चाळीस. ज्याला विचारायचे तोच जगात नसतो. म्हणून कायद्याने त्याच्या जागी दोन माणसे उभी केली. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे ६३वे कलम सांगते की मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि निदान दोन साक्षीदारांनी त्यावर साक्ष घालावी. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही माझी सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि साक्षीदाराने आपली सही करणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असे नाही. एक सकाळी आला, दुसरा संध्याकाळी, तरी चालते. आत काय लिहिले आहे हे साक्षीदाराने वाचायचीही गरज नाही. पुष्कळ भगिनींचा येथे घोटाळा होतो. साक्षीदार मजकुराचा नसतो, सहीचा असतो.

आणि कागद लिहून देणारा हा साक्षीदार नव्हे. त्याने साक्षीदार म्हणून, साक्ष घालण्याच्या हेतूने सही केली असेल तर गोष्ट वेगळी. नुसते ‘हस्ताक्षर अमुक’ असे खाली लिहिले म्हणजे तो साक्षीदार होत नाही. आपल्या भगिनीच्या कागदावर गुरुजींनी तेवढेच लिहिले आहे. तेव्हा तिची समजूत तीन साक्षीदारांची होती, ते दोनच निघाले.

हा दोन साक्षीदारांचा नियम आपल्या भागात फार जुना आहे असेही नाही. मुंबई शहरात तो आधीपासून होता. ठाणे जिल्ह्यासारख्या मुलुखात हिंदूंच्या मृत्युपत्रांना तो १ जानेवारी १९२७ पासून लागू झाला. त्याआधी इथल्या एखाद्या आजोबांनी मरतेसमयी चार माणसांना बोलावून नुसत्या तोंडाने सांगितले असते तरी ते मृत्युपत्र ठरू शकत होते. आमच्या आजीच्या पिढीत ‘बाबा सांगून गेले’ या शब्दांना जो मान होता, त्याच्या मागे कायदाही उभा होता. १९२७ नंतर तो मागून निघून गेला. शब्द मात्र घराघरांत तसेच राहिले, आणि त्या शब्दांवर विसंबून किती बायका रित्या हाताने राहिल्या त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. (मुसलमान भगिनींना हे ६३वे कलम लागू नाही. त्यांच्या कायद्यात तोंडी मृत्युपत्रही चालते, मात्र वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही.)

आता कोर्टात काय लागते ते पाहू. मृत्युपत्राला साक्षीदार दोन, पण कोर्टात निदान एकाला तरी उभे करा म्हणजे झाले, असे पुरावा कायदा म्हणतो. १८७२च्या पुरावा कायद्यात हे ६८वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि तेच कलम ६७वे झाले. आकडे बदलले, गाभा तोच आहे. यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी विष्णू रामकृष्ण विरुद्ध नथू विठ्ठल या खटल्यात जे सांगितले, ते १९४९ साली छापले गेले आणि आजवर वकील ते काढून दाखवतात. त्याचा आशय असा: एकाच साक्षीदाराला बोलावणे ही कायद्याने दिलेली सवलत आहे, पण त्या एकाने दोघांचे काम केले पाहिजे. म्हणजे ‘बाईंनी माझ्यासमोर अंगठा केला आणि मी सही केली’ एवढे सांगून भागत नाही. ‘दुसऱ्यानेही रीतसर साक्ष घातली’ हेही त्याच्या तोंडून आले पाहिजे. ते येत नसेल तर दुसऱ्याला बोलावले पाहिजे.

हे न केल्याने काय होते त्याचे उदाहरण आपल्याच मुलखातल्या नावांचे आहे. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम हा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २००२मध्ये त्याचा निकाल लागला. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार होते. त्यांपैकी एकाला कोर्टात आणले. त्याने करणाऱ्याच्या सहीविषयी सांगितले, पण दुसऱ्या साक्षीदाराने करणाऱ्यासमोर सही केली हे त्याला सांगता आले नाही. दुसरा साक्षीदार हयात होता, बोलावला असता तर येऊ शकत होता. त्याला बोलावलेच नाही. मग मृत्युपत्र मांडणाऱ्या पक्षाने पुरावा कायद्याच्या ७१व्या कलमाचा आधार घेऊ पाहिला. साक्षीदार नाकबूल झाला किंवा त्याला आठवेनासे झाले, तर इतर पुराव्याने कागद सिद्ध करता येतो, असे ते कलम आहे. आता ते ७०वे आहे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने हाताशी असलेले साक्षीदार आणून आपले कर्तव्य पार पाडले आणि तरीही नशिबाने दगा दिला, त्याच्या रक्षणासाठी हे कलम आहे. ज्याने साक्षीदाराला घरीच बसू दिले त्याच्यासाठी ते नाही. मृत्युपत्र सिद्ध झाले नाही.

मी हा खटला वाचते तेव्हा मला नेहमी वाटते की मेलेला साक्षीदार एक वेळ परवडला, पण जिवंत असून न बोलावलेला परवडत नाही. आपल्या भगिनीच्या भावाने जो धाक घातला होता तो मेलेल्यांचा. खरा धोका होता त्या यंत्रमागवाल्या शेजाऱ्यांचा, ज्यांच्याविषयी ‘बहुतेक गेले असतील’ असे सगळेच म्हणत होते.

कारण मेलेल्यांसाठी कायद्याने वाट ठेवलेली आहे. जुने ६९वे कलम, आताचे ६८वे. साक्षीदारांपैकी कोणीच मिळत नसेल, तर दोन गोष्टी दाखवायच्या: निदान एका साक्षीदाराची साक्ष त्याच्याच हस्ताक्षरातली आहे, आणि करणाऱ्याची सही त्या करणाऱ्याचीच आहे. बस्स, दोन हस्ताक्षरे. दोन्ही साक्षीदारांनी कोणी कोणाला पाहिले, कोण आधी आला, याचा सगळा पुरावा अशा वेळी मागायचा नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कल्याणस्वामी विरुद्ध भक्तवत्सलम या तमिळनाडूतल्या खटल्यात स्पष्ट केले. बंगालमधले एक मृत्युपत्र तर १९२९ सालचे होते. साक्षीदार केव्हाच काळाआड गेलेले. त्याचा वाद २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात संपला आणि याच कलमाच्या वाटेने ते मृत्युपत्र टिकले. चौऱ्याण्णव वर्षे, भगिनींनो! थोरल्या भावाला मी हा खटला सांगितला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच निकालात आणखी एक गैरसमज दूर केला आहे. ‘तीस वर्षांचा जुना कागद आपोआप खरा धरतात’ असे आपण ऐकतो. इतर कागदांना तसे अनुमान लागू शकते. मृत्युपत्राला ते लागू नाही. आपल्या भगिनीला कोणीतरी हेच सांगून निर्धास्त केले होते. कागद १९८८चा, तीस वर्षे कधीच उलटली, आता काही करायला नको! असा सल्ला फुकट मिळतो आणि महाग पडतो.

‘मिळत नाही’ म्हणजे काय, हेही कोर्ट बारकाईने पाहते. २००८ साली बाबू सिंग विरुद्ध राम सहाय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फोडून सांगितले आहे: साक्षीदार मेलेला असावा, किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर असावा, किंवा प्रतिपक्षाने त्याला दूर ठेवलेले असावे, किंवा कसून शोध घेऊनही सापडत नसावा. गेलेल्यांचा मृत्यूचा दाखला लागतो. हरवलेल्यांसाठी समन्स काढावे लागते, बेलिफ जुन्या पत्त्यावर जाऊन येतो, त्याचा शेरा लागतो, नातेवाइकांकडे केलेली चौकशी सांगावी लागते. ‘गावात म्हणतात’ हा कोर्टात पुरावा होत नाही. तो आपल्या ओट्यावरचा पुरावा.

आता हस्ताक्षराचे पाहू. हा भाग कोरडा वाटतो, पण मला सर्वांत रसाळ वाटतो. माणसाचे हस्ताक्षर कोण ओळखते? तज्ज्ञ ओळखतो हे खरे. पण कायदा त्याच्याआधी त्या माणसाला विचारतो ज्याने त्याला लिहिताना पाहिले आहे, किंवा ज्याला त्याची पत्रे येत होती. मुलगा बापाची सही ओळखतो, कारकून साहेबाची ओळखतो. मोडीच्या दिवसांत सही न येणारा कुणबी कागदाखाली नांगराची निशाणी काढी आणि गाव ती ओळखत असे. अंजूरच्या लोकांना लिहिलेल्या कागदाची किंमत मी सांगायला नको. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेतल्या गंगाजी नाइकांचे नाव आज आपण घेतो, ते कोणीतरी लिहून ठेवले आणि कोणीतरी ते जपले म्हणून.

आपल्या भगिनीच्या आईचा अंगठा आहे. ती घाबरून म्हणाली, “ताई, अंगठ्याला कुठचं हस्ताक्षर?” वस्तुतः अंगठ्याचे काम सहीपेक्षा सोपे आहे. सही वयाबरोबर बदलते, थरथरते. अंगठ्याच्या रेषा बदलत नाहीत, आणि कोर्टाला ठसे ताडून पाहण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. प्रश्न फक्त एवढा की आईचा निर्विवाद ठसा आणायचा कोठून? तिच्या ट्रंकेतूनच निघाला. २००६ साली आई आणि दोन्ही भाऊ यांनी मिळून एक तुकडा विकला होता. त्या नोंदणीकृत खतावर आईचा अंगठा आहे आणि त्याच पानावर भावांच्या सह्या आहेत. आता भाऊ तो ठसा आईचा नव्हे असे कोणत्या तोंडाने म्हणतील?

राहिले पोस्टमनदादांचे हस्ताक्षर. त्यांची नोकरीतली कागदपत्रे मागवता येतील, सोसायटीच्या सभेच्या वहीत त्यांच्या सह्या आहेत. परंतु याहून चांगला पुरावा, मला वाटते, या मंडपात बसलेला आहे. ज्यांचे नवरे मुंबईला गिरणीत होते, त्या बायकांना लिहिता येत नसे. त्यांची पत्रे पोस्टमनदादाच लिहून देत आणि आलेली वाचूनही दाखवीत. ही गोष्ट मला तुमच्यापैकीच दोघींनी सांगितली. शेवटी मी तिच्याकडे परत येईन.

एवढे ऐकून कोणास वाटेल की अंगठा जुळला, सही जुळली, म्हणजे जिंकले. तसे नाही, आणि नसावेही. हाच कायदा मी तुम्हाला दुसऱ्या बाजूने दाखवते. भिवंडी तालुक्यातल्या जमिनीचे भाव गेल्या काही वर्षांत कोठच्या कोठे गेले. माळरानावर गोदामे उभी राहिली. अंजूर-भरोडीच्या शिवारात बुलेट ट्रेनच्या डेपोसाठी जमिनी गेल्या. मोबदल्याची यादी लागते त्या दिवशी जुन्या ट्रंका उघडतात, आणि कधी कधी ट्रंकेत नव्हते तेही त्यातून निघते. बहिणींना वगळून सर्व काही एका भावाला देणारे मृत्युपत्र, आणि त्यावर असे दोन साक्षीदार की जे दोघेही मेलेले! मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही, हे खोटा कागद करणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून साक्षीदार नसले की कोर्ट अधिक सावध होते, आणि तो सावधपणा आपल्या मुलींच्या कामाचा आहे.

साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर यांनी नोव्हेंबर १९५८मध्ये वेंकटाचल अय्यंगार यांच्या खटल्यात याचा जो पाया घातला, त्यावर आजही सगळी इमारत उभी आहे. मृत्युपत्राभोवती संशयाचे ढग असतील तर ते दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र मांडणाऱ्यावर असते. करणाऱ्याचे मन त्या वेळी ताळ्यावर होते का, मजकूर त्याला कळला होता का, ज्याला लाभ झाला त्यानेच धावपळ करून कागद करवून घेतला का, जवळच्यांना काहीच न देण्याचे कारण पटते का, हे सारे पाहिले जाते. कोर्टाच्या सदसद्विवेकबुद्धीचे समाधान व्हावे लागते. आपल्या भगिनीच्या कागदात आईने कारण लिहिले आहे, इतर जमीन मुलांकडेच आहे, आणि कागद झाला तेव्हा मुलगी घरात नव्हती, ती पाणी आणायला गेली होती. तो पाण्याचा हंडा तिच्या किती कामाचा आहे, हे तिला अजूनही पुरते पटलेले नाही.

प्रोबेटविषयी थोडक्यात सांगते, कारण सगळ्या त्याच शब्दाला भितात. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरे आहे असा कोर्टाच्या शिक्क्याचा दाखला. तो मिळतो मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला. तसा कोणी नेमलेला नसेल तर लाभार्थी मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे प्रशासनपत्र, मागू शकतो. अंजूरच्या घरासाठी हिंदूंना प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती. मुंबई शहरातल्या मिळकतीला ती होती, आणि ‘तिकडे लागते म्हणून इकडेही लागते’ अशा समजुतीने पुष्कळ पैसा खर्च झाला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने २१३वे कलमच काढून टाकले आणि मुंबईचीही सक्ती गेली. परंतु सक्ती गेली म्हणून पुरावा गेला नाही. भावाने हरकत घेतली की मृत्युपत्र सिद्ध करावेच लागते, मग अर्ज कोणत्याही नावाचा असो. प्रोबेटच्या अर्जावर एका साक्षीदाराचीही पडताळणी लागते, पण कायद्यात तेथे ‘मिळण्यासारखा असल्यास’ असे शब्द आहेत. म्हणजे साक्षीदार नाही म्हणून अर्ज दारातूनच परत जात नाही.

आणि चावडीवर फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली, असेही समजू नका. मृत्युपत्रावर वाद असेल तर हक्क दिवाणी कोर्टातच ठरायचा. महसुलाची नोंद सरकारने सारा कोणाकडून घ्यावा एवढ्यापुरती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा एकदा बजावले. भावांनी आपली वारस नोंद करून घेतली म्हणून या भगिनीने आठ दिवस जेवण सोडले होते. ते आठ दिवस उगाच गेले.

ज्यांना आता मृत्युपत्र करायचे आहे त्यांना मी काय सांगू? साक्षीदार आपल्या वयाचा घेऊ नका, पोराच्या वयाचा घ्या. आपण मान देण्यासाठी गावातल्या सर्वांत वडील माणसाला बोलावतो. मान लग्नात द्यावा. दोनच का, तिघे घ्या, कायद्यात ‘निदान दोन’ आहे. त्यांचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, आता कोठे राहतात, हे खाली स्वच्छ लिहा. नुसत्या ‘साक्षीदार १, साक्षीदार २’ने पुढच्या पिढीला काय कळणार? ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीला बसवू नका आणि त्या वेळी खोलीतही ठेवू नका. डॉक्टर ओळखीचे असतील तर त्यांनाच एक साक्षीदार करा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, कारण तेथे तुमचा अंगठा कायमचा राहतो. मात्र नोंदणी केली म्हणजे साक्षीदार नकोत असे होत नाही. नोंदलेले मृत्युपत्रही साक्षीदारानेच सिद्ध करावे लागते. गुप्तता हवी असेल तर पाकीट सीलबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते, ही सोय १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे आणि ती वापरणारी बाई मी माझ्या सगळ्या वकिलीत एकच पाहिली. आणि दर दहा वर्षांनी कागद काढून साक्षीदार हयात आहेत का ते पाहा. नसतील तर नवा कागद करा. आपण लोणच्याची बरणी दर महिन्याला उघडून पाहतो, तेवढेच हे.

आता त्या भगिनीचे काय झाले ते सांगते.

मी तिला म्हटले, अर्ज मागून करू, आधी त्या शेजाऱ्यांना शोध. तिला ते पटेना. जो गेला असे सगळे म्हणतात त्याला कशाला शोधायचे? मी तिला भोईरांचा खटला समजावून सांगितला. मग ती निघाली. भिवंडीत जुन्या कारखान्याच्या मागच्या चाळीत चौकशी केली, तेथून एका जॉबरचा पत्ता मिळाला, जॉबरच्या सुनेने सांगितले की ते कल्याणला लेकीकडे असतात. असतात! तीन महिने लागले, पण गृहस्थ सापडले. वय चौऱ्याऐंशी. कानाने कमी, डोळ्यांनी ठीक. तिने कागद पुढे धरला तेव्हा आपली सही पाहून म्हणाले, “ही माझी. त्या दिवशी लाईट गेलेली, लूम बंद, म्हणून मी घरी होतो. तुझ्या आईनं अंगठा केला आणि शाई तुळशीच्या कट्ट्याला पुसली.”

पोस्टमनने सही केव्हा केली, हे विचारल्यावर ते गप्प झाले. “मागून केली असेल,” म्हणाले. पाहिले की नाही, आठवत नाही.

मी तिला सक्त ताकीद दिली आहे की त्यांना एक अक्षर पढवायचे नाही. त्यांना आठवत नाही, तर नाही आठवत. पण आता आपली जागा भोईरांच्या खटल्यातली नाही. हयात होता तो साक्षीदार आपण आणतो आहोत. दुसरा मेला त्याचा दाखला जोडला आहे. एकाच्या आठवणीत जे उरले नाही ते इतर पुराव्याने भरून काढण्याचे दार आपल्याला उघडे आहे. प्रशासनपत्राचा अर्ज ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला, भावांनी हरकत घेतली, त्याचा आता दावा झाला आहे. वृद्ध साक्षीदाराला ठाण्याला आणणे होणार नाही, म्हणून कोर्टाने कमिशनर नेमून कल्याणला घरीच जबानी घ्यावी असा अर्ज आम्ही दिला, तो मंजूर झाला आहे. तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्यांच्या लेकीला मी रोज फोन करते आणि आधी त्यांच्या खोकल्याची चौकशी करते.

आणि आता तुमच्याकडे मागणे. ज्यांच्या घरी पोस्टमनदादांच्या हातची जुनी पत्रे असतील, नवऱ्याला, मुलाला, माहेराला लिहून घेतलेली, कोणत्याही सालची, त्यांनी ती शोधावी. मजकूर कोणी वाचणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, कारण कोर्टात कागद वाचलाच जातो. तेव्हा आधी तुम्ही वाचून घ्या आणि जे बाहेर जाऊ नये ते घरी ठेवा. एक-दोन पत्रे पुरतील. कार्यक्रम झाल्यावर मी येथे व्यासपीठाजवळच बसणार आहे.